अर्धी टाकी

गल्लीत त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणायचे. गाडी शिकवताना शिकणाऱ्याच्या आधी त्यांचाच पाय शेजारच्या सीटपुढच्या जादा ब्रेकवर जायचा. रागाला मात्र ब्रेक नव्हता, आणि त्या दिवशी तो असायलाही नको होता.

नवरा फोनवर लेकीला सांगत होता, "तुझ्या आईचे डोळे गेलेत. गाडी विकून टाकू." भांडी पुसत असलेल्या बाईंनी त्यातला शब्दन् शब्द ऐकला.

का, तर डॅशबोर्डवरचे आकडे दिसत नाहीत अशी त्यांची तक्रार होती म्हणून! जुनी गाडी, वर्षानुवर्षं उन्हात उभी. वेग आणि पेट्रोल दाखवणारा डिस्प्ले इतका काळवंडला होता, की आकडा वाचायला वर हाताची सावली धरावी लागे. नवरा म्हणायचा, "मला तर स्वच्छ दिसतं. ही बघ, अर्धी टाकी. नाचता येईना, अंगण वाकडं!" गाडी गेली की शिकवणी गेली, आणि शिकवणी गेली की ब्रेकबाई कसल्या, नुसत्या बाई.

तणतणत त्यांनी गाडी चौकातल्या वायरवाल्याकडे नेली. त्याने डॅशबोर्ड उघडला आणि सांगितलं, डिस्प्लेवरची फिल्म उन्हाने जळलीये. जुनी खरवडून त्याने नवी चिकटवली. किल्ली फिरवली तर सगळा डिस्प्ले काळाकुट्ट आणि आकडे पांढरे.

"हे काय? दिवसाची रात्र केलीस की!"

"फिल्म आडवी लागली, बाई."

"मग उभी लाव! तुझ्या आडव्या-उभ्यात माझी गाडी भंगारात जाईल."

फिल्म फिरवून लावली आणि आकडे लख्ख उमटले. पेट्रोलची शेवटची रेघ लुकलुकत होती. कधी एकदा घरी जाते असं बाईंना झालं.

दारातूनच त्यांनी हाक मारली. नवऱ्याला स्टिअरिंगसमोर बसवलं, स्वतः शेजारी शिकवणीच्या सीटवर बसल्या आणि किल्ली फिरवली.

"वाचा आता."

"अगं, मला आधीही दिसत होतंच की."

"वाचा म्हणते ना!"

"अर्धी टाकी."

चेष्टा करतोय असं बाईंना वाटलं. पण त्याने पुढे वाकून डिस्प्लेवर हाताची सावली धरली. आता तिथे सावलीची काही गरज नव्हती.

"अहो, शेवटची रेघ आहे ती. तुम्हाला दिसतच नाहीये!"

त्याने सावली धरलेला हात खाली घेतला. मग हळूच म्हणाला, "गाडी विकली असती तर माझ्या डोळ्यांचं कुणाला कळलं नसतं."

"म्हणून माझे डोळे विकायला काढलेत? लेकीसमोर आंधळी केलीत मला? डॉक्टरकडे जायला काय धाड भरली होती?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!" असं ओरडून बाई एकदम थांबल्या. रोज सकाळी जवळच राहणाऱ्या लेकीची पोर याच गाडीतून शाळेत जायची. सोडायला आजोबा.

"आज पोरीला कुणी सोडलं?"

"मीच."

"रस्त्यावरचं माणूस दिसतं तुम्हाला?"

"जवळ आलं की दिसतं."

गाडी दारात उभी होती, इंजिन बंद होतं. तरी बाईंचा पाय ब्रेकवर गेला होता, आणि काही केल्या उचलेना.