अंगात येणं

शेजारच्या बाईंनी केसांचा क्लचर काढून पर्समध्ये टाकला आणि डोळे मिटले. सोसायटीच्या हॉलमध्ये स्वतःतली देवी जागवायचं शिबिर होतं. शिकवणाऱ्या ताई माइकवरून म्हणाल्या, "मैत्रिणींनो, तिला येऊ द्या." हळूहळू बाई डोलू लागल्या, मग रडल्या. मी मात्र ताठ बसलेली. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवा वाटला.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण देवी माझ्याकडे कधी आली नाही. आईकडे यायची, दर नवरात्रात अष्टमीला. संबळ वाजला की तिचा अंबाडा सुटायचा. एरवी वडिलांसमोर मान वर न करणारी आई त्यांना "तू दारू सोड" म्हणून दरडावायची, आणि वडील तिच्या पाया पडायचे. मोठी झाले की माझ्याही अंगात येईल, असं मी धरूनच चालले होते. आता देवी एसीत, गादीवर बसलेल्या बायकांना भेटते आणि मला टाळते, हे काही बरं नाही.

घरी येऊन आईला फोन लावला आणि तक्रारच केली.

"तुला कशाला पाहिजे गं ती?" आई म्हणाली. "काल फोनवर माझ्याशी बोलता बोलता जावयांना म्हणालीस, अरे, कुकर तू लाव. लावला ना त्यांनी?"

मी हसले. ती हसली नाही.

"मला तेवढ्यासाठी अष्टमीपर्यंत थांबायला लागायचं."

तिच्या आवाजातला हेवा मी लगेच ओळखला. दुपारभर शिबिरात तो माझ्याच पोटात होता.