आमच्या शेडमध्ये आलेल्या इन्स्पेक्टर बाई

चाकणच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी आणि माझी धाकटी जाऊ पॉवर प्रेसवर कामाला होतो. पत्रा आत सरकवायचा, पेडल दाबायचं. हात आत राहिला तर मशीन थांबवणारा सेन्सर होता, पण त्यानं काम मागं पडतं म्हणून सुपरवायझरनं तो बंदच ठेवलेला. एका दुपारी जावेच्या उजव्या हाताची बोटं गेली.

पिंपरीच्या हॉस्पिटलात कंपनीचा माणूस लगेच आला. 'माझंच लक्ष नव्हतं' असं जावेनं लिहून दिलं तर इलाजाचं आम्ही बघू, असं तो माझ्या दिराला समजावत होता.

मग फॅक्टरी इन्स्पेक्टर आल्या. आमच्या भागात या कामावर आलेल्या त्या पहिल्याच बाई. शेडमध्ये शिरल्या तेव्हा पुरुष गालातल्या गालात हसले. बाईंनी मशीन पाहिलं, मालकाला बोलावलं आणि सेन्सर बंद आहे तसंच तुम्ही स्वतः चालवून दाखवा, असं शांतपणे सांगितलं. मालक पुढं झाला नाही. बाईंनी प्रेस बंद करायला लावली आणि तिथून थेट हॉस्पिटलात आल्या.

"चूक तुझी नाही," त्या जावेला म्हणाल्या.

अपघातानंतर जाऊ तेव्हा पहिल्यांदा रडली.

बाईंनी मालकावर केस केली. आम्ही काही जणी साक्षीला तयार झालो. बाई आजूबाजूच्या शेडमध्येही जाऊ लागल्या, आणि थोड्याच महिन्यांत त्यांची लांब विदर्भात बदली झाली. मी भेटायला गेले. आता केसचं काय, असं विचारलं.

"नव्या साहेबांना सगळं सांगून जातेय," त्या म्हणाल्या. "पण ते ऐकतील असं तुला सांगू शकत नाही."

नवे साहेब शेडकडे फिरकलेच नाहीत. साक्षीला तयार झालेल्या आम्हा कंत्राटी बायकांना एकेक करून गेटवरूनच परत पाठवलं. तारखांना जाऊन जाऊन दीर थकला. शेवटी कंपनीला हवा होता तो जबाब त्यानं जावेकडून घेतला. तिला सही येत होती, पण पेन धरता येईना. डाव्या हाताचा अंगठा उठवला.

आता आम्ही राहतो तिथं, काळेवाडीत, कुणी विचारलं तर ती स्वतःलाच दोष देते. मी अडवत नाही.

बाई निवृत्त झाल्याचं मध्यंतरी कळलं. नंबर आहे माझ्याकडे. फोन करून काय सांगू?