बाजूने काढलेले फोटो

अकोल्याच्या डॉक्टरांना दर वर्षी माझा बाजूने काढलेला फोटो लागायचा. जन्मले तेव्हा माझा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. तान्ही असतानाच ते शिवले. पण टाळूवरच्या व्रणामुळे पुढे वरचा जबडा मागे राहू शकतो, म्हणून वाढीवर लक्ष ठेवायचं.

अमरावतीला आमच्या घरी कूलरजवळच्या पांढऱ्या भिंतीशी बाबा फोटो काढत. पहिल्याच वेळी आई म्हणाली, "तिले एकटीले काहून उभी करता? लहानीचाबी काढा. तिले वेगळं नाई वाटलं पायजे."

तेव्हापासून माझ्यानंतर धाकटी बहीण उभी राहायची. आईने हे मायेनेच केलं. पण त्यामुळे घरात दर वर्षीचे दोन चेहरे जमत गेले. माझी हनुवटी पुढे जायची, नाकाखालचा भाग तिथेच. बहीण नुसती खात होती, भांडत होती, झोपत होती, आणि तिचं सगळं आपोआप जागच्या जागी वाढत होतं. ती तोंडावर हात न धरता हसायची. मी ते फोटो एकटी असताना पुन्हा पुन्हा बघायचे.

यंदा डॉक्टर म्हणाले, "वाढ थांबली. आता ऑपरेशन करून वरचा जबडा पुढे आणता येईल."

आईने लगेच मोबाइल पुढे केला. त्यात बहिणीचा फोटो. "डॉक्टरसाहेब, अशी दिसली पायजे."

"यांचा स्वतःचाच चेहरा नीट बसवू," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले.

सोबत आलेली बहीण हसली. "घे वं ताई, माह्यं नाक तुले देल्लं!"

सगळे हसले. मीही, तोंडावर हात धरून. इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते तिला असं सहज देऊन टाकण्यासारखं वाटत होतं. परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. मी खांदा हलवला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

ऑपरेशनच्या आधीचा फोटो घरीच काढायचा होता. बहीण सवयीने केस मागे घेत भिंतीशी आली.

"तू नको," मी म्हणाले.

"काहून?"

"या वेळी मी एकटीच."

आई काही बोलणार होती, तेवढ्यात बाबांनी मोबाइल उचलला. बहीण कूलरपाशी सरकली. मी बाजूला वळले, तर नेमकी तीच समोर होती.