बाभळीपाशी पळणारा माणूस

मी फिजिक्सचा विद्यार्थी. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा. तरीही हे लिहितोय, कारण ते मी एकट्याने पाहिलेलं नाही — अख्ख्या गाडीने पाहिलंय.

नव्वदनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मिरज–कुर्डुवाडी नॅरोगेजवर, कवठेमहांकाळच्या अलीकडे आमच्या गावाचं छोटं स्टेशन होतं. इंग्रजांच्या काळातली दगडी खोली, पुढे पत्र्याची शेड. सकाळची गाडी दुधाच्या किटल्या, टपालाची थैली आणि आम्हा कॉलेजच्या पोरांना मिरजेला न्यायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो या गाडीमुळे; ते ऋण आहेच. तिची एक रीत होती... लांबून कुणी पळत येताना दिसलं की शेडमधून ओरड व्हायची, "मागं माणूस हाय!" मग तो चढेपर्यंत गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा नाही.

त्या सकाळी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कळा सुरू झालेल्या. बाळ आडवं आहे, मिरजेलाच न्या, असं सुईणीने बजावलेलं. एस.टी. थेट दुपारी. आई आणि मी अक्काला डब्यातल्या बाकावर झोपवलं. गार्डने शिट्टी तोंडाला लावली, आणि ओरड आली — "मागं माणूस हाय!"

रानातल्या बाभळीजवळून एक माणूस पळत येत होता. पांढरा सदरा, हातात टॉवेल. लख्ख ऊन होतं. गार्डने हात केला. त्यानेही टॉवेल उंच हलवला.

"लय सावकाश पळतंय गड्या. सासुरवाडीला निघालंय जणू!" दूधवाला म्हणाला. डबा हसला.

मग हसू थांबलं. तो पळत होता — हात, पाय, सगळं हलत होतं — पण बाभळ काही मागे पडत नव्हती.

"आई... गाडी का हलंना गं?" आतून अक्का कण्हली.

गार्डने स्टेशनवरच्या पोर्टरला धाडलं. तो बाभळीपाशी पोचला. आम्हाला दोघेही दिसत होते, हाताच्या अंतरावर. पोर्टर इकडेतिकडे बघत ओरडला, "आवं सायेब, हितं कुणीच न्हाई!"

गार्ड बाभळीकडे बघतच म्हणाला, "डोळ्यांनी दिसतोय माणूस... टाकून कसा जाऊ?"

आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "त्यो कवा पोचंल देवाला ठावं. हितलं बाळ आत्ता याय लागलंय. माझी लेक जाईल, सायेब. हलवा गाडी!"

गार्डने पोर्टरला परत बोलावलं आणि बाभळीकडे पाठ करून झेंडी दाखवली. गाडी हलली. त्याच क्षणी तो माणूस पळायचा थांबला. टॉवेल खांद्यावर टाकून, गाडी वळेपर्यंत, आमच्याकडे बघत उभा राहिला.

मिरजेत पोचल्याबरोबर ऑपरेशन झालं. अक्का वाचली, मुलगी झाली. "अजून उशीर झाला असता तर..." एवढंच डॉक्टर बोलले.

कॉलेजात सरांना विचारलं. मृगजळ, म्हणाले. असेल. पण गार्डने हात केल्यावर मृगजळ उलट टॉवेल हलवतं?

आईने घरात भुताचं नाव कधी काढू दिलं नाही. बाळंतपणानंतर नातीला मांडीवर घेऊन एकदाच म्हणाली, "कोण का असंना रं... त्याचंबी मिरजंत कुणीतरी अडलं असंल. आपुन त्याला मागं ठेवून आलो."