वर्षातला सर्वांत मठ्ठ प्रश्न

पडद्यावर माझा प्रश्न लावला होता. हाताएवढी मोठी अक्षरं. आणि सगळं सभागृह हसत होतं.

नावावर काळी पट्टी मारलेली. तेवढी सभ्यता त्यांच्यात होती. पण शब्द माझेच होते. एकेक शब्द डिक्शनरीत बघून मी लिहिला होता. 'रिस्पेक्टेड सर, माय लेटर्स आर कमिंग इन कॉम्प्युटर बट नॉट कमिंग इन पेपर. ओन्ली बॉक्स बॉक्स कमिंग. काइंडली डू द नीडफुल.'

माइकवरचा तरुण ते वाचत होता. साधं वाचत नव्हता. खेड्यातला माणूस इंग्रजी बोलायला गेला की कसा बोलतो, त्याची नक्कल करत, मान डोलावत वाचत होता. 'ओन्ली बॉक्स बॉक्स कमिंग' त्याने दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मागच्या रांगांनी त्याच्याबरोबर म्हटलं. माझ्या शेजारची मुलगी हसून हसून डोळे पुसत होती. मघाशी तिनेच सरकून मला जागा दिली होती.

"काय एकेक लोक असतात ना!" ती मला म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं नाही. मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

ही धारवाडातली गोष्ट. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची वार्षिक सभा. म्हणजे असं, की काही माणसं मिळून कॉम्प्युटरची सॉफ्टवेअर बनवतात, कुणीही ती वापरावीत म्हणून फुकट देतात. पगार नाही, फायदा नाही. स्वतःचा वेळ घालून करतात. ते चांगलंच आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर नंतर म्हणतील हिला त्याची किंमत नाही. इंटरनेटवर त्यांचा एक मंच आहे. अडलं की तिथे विचारायचं, जाणत्यांनी उत्तर द्यायचं. पण त्या मंचावर एक रीत होती. प्रश्न बावळट वाटला की त्याखाली गाढवाचं चित्र चिकटवायचं. वर्षभरात ज्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त गाढवं, तो सभेत पडद्यावर लावायचा. 'वर्षातला सर्वांत मठ्ठ प्रश्न.' त्याला बक्षीसही ठेवलेलं. चहाचा कप, त्यावर गाढव रंगवलेलं. सभागृहाच्या दारात फलक होता: नवीन मंडळींचे मनःपूर्वक स्वागत.

मी अळणावरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. अप्पा आणि अव्वा, म्हणजे आई, दुसऱ्याच्या भातशेतीत राबायचे. शाळा अर्धी मराठीत, अर्धी कानडीत. इंग्रजी काठावर. धारवाडात कशीबशी डिग्री केली आणि धारवाडजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. खोके जोडा, भरा, पट्टी मारा. पूर्ण पाळी उभ्याने. संध्याकाळी पाय असे सुजायचे की चप्पल चढायची नाही.

तिथून मला बाहेर काढलं धारवाडातल्याच सप्तापूरच्या अक्कांनी. त्यांचं टायपिंगचं दुकान. विद्यापीठातली मुलं प्रबंध टाइप करायला, छापायला यायची. मला कानडी आणि मराठी दोन्हीचं टायपिंग येत होतं. अक्कांनी मला खुर्ची दिली. बसून करायचं काम. हे ज्याला जन्मापासून मिळतं त्याला त्यात काय मोठं ते कळणार नाही. मी घरी फोन करून अव्वाला सांगितलं, तेव्हा ती आधी हेच म्हणाली, "बसूनच करायचं व्हय? बरं झालं की."

दुकानातला कॉम्प्युटर जुना होता. विकतचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. मीच अक्कांना म्हटलं, फुकटचं घालू या. कारण कॉलेजात असताना या मंचाचे प्रमुख सर व्याख्यान द्यायला आले होते. इंजिनीअरिंग शिकवणारे, शांत, गोड बोलणारे. ते म्हणाले होते, "घाबरू नका. अडलात तर विचारा. आम्ही आहोत." ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अक्का म्हणाल्या, "अडलं तर बघणार कोण ग?"

"लई लोक आहेत अक्का. विचारलं की सांगतात."

अडलं. एका मुलाचा कानडी प्रबंध छापायला घेतला. पडद्यावर सगळं व्यवस्थित. कागदावर नुसते चौकोन. पानंच्या पानं चौकोन. तो मुलगा काउंटरला टेकून उभा. त्याला दुसऱ्या दिवशी प्रबंध द्यायचा होता. मी मंचावर प्रश्न लिहिला. तोच, जो नंतर पडद्यावर लागला.

उत्तरं भराभर आली. पहिलं: आधी स्वतः शोधलं का? दुसरं: प्रश्न कसा विचारावा ते आधी शिकून या. सोबत इंग्रजीतला भलामोठा लेख. तिसऱ्याने लॉग मागितला. कॉम्प्युटर स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो ती, हे आता माहीत आहे. मी लिहिलं, 'सर, लॉग म्हणजे काय?' आणि गाढवांची रांग लागली. एकाने लिहिलं, आम्ही तुमचे नोकर नाही. खरंच आहे. मी त्यांना नोकर कुठे म्हटलं होतं? मी सर म्हटलं होतं. मग एकाने लिहिलं, 'कोट्यातले इंजिनीअर असेच असतात.'

मी इंजिनीअर नव्हतेच. पण त्याला माझं आडनाव दिसलं होतं ना, तेवढं त्याला पुरलं. ती ओळ कुणी पुसली नाही. त्याखाली प्रमुख सरांनी एक हसरा चेहरा टाकला होता. नाव बघून खात्री केली मी. तेच. अडलात तर विचारा म्हणणारे.

मुलगा पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या दुकानात गेला. त्याच्या मागून त्याचे मित्र गेले. अक्का छपाईचं काम जुन्या हुबळीला एका ओळखीच्याकडे पाठवायला लागल्या. जाण्यायेण्यात दिवस मोडायचा. शेवटी एके दिवशी त्यांनी मला बसवून सांगितलं.

"तू वाईट नाहीस ग. पण दुकान चालायला पाहिजे की. ते तुझं फुकटचं तसंच ठेवते. नीट करून दाखव, तुझी खुर्ची तुला. दिवाळीपर्यंत बघते. मग दुसरी पोरगी घेणार, बघ."

मी परत बेलूरला खोके जोडायला लागले. आणि सुटीच्या दिवशी, त्या कानडी प्रबंधाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून, या सभेला आले. इतकी जाणती माणसं एका ठिकाणी येणार. कुणीतरी एक जण सांगेल. दिवाळी तोंडावर आली होती. माझं सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं.

आणि पडद्यावर ते.

मला गप्प बसता आलं असतं. नाव झाकलेलं होतं. माझा चेहरा कुणाला माहीत नव्हता. चहाच्या वेळी हळूच कुणाला तरी गाठून विचारलं असतं, तर कदाचित कामही झालं असतं. पण त्या पोराने तिसऱ्यांदा 'बॉक्स बॉक्स' म्हटलं आणि मी उभी राहिले.

"तो प्रश्न माझा आहे."

टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या! त्यांना वाटलं मी गमतीत सामील झाले. माइकवाला ओरडला, "विजेते स्वतः हजर आहेत! या, या, वर या!"

मी म्हटलं, "उत्तर काय आहे?"

"उत्तर नंतर. आधी बक्षीस!"

परत हशा. मी जागची हलले नाही. तेव्हा प्रमुख सर व्यासपीठावरून उतरून माझ्यापाशी आले. खांदे जरा वाकवून, आवाज खाली आणून बोलायला लागले. त्यांच्या कपड्यांना इस्त्री होती आणि तोंडाला साखर.

"दुखावलीस का ग? मनाला लावून घेऊ नको. आमच्यात हे चालतं. मी नवीन होतो तेव्हा मीही खूप बोलणी खाल्ली आहेत. त्यातूनच माणूस तयार होतो."

सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं. एवढी शिकलेली माणसं, एवढी यंत्रं बनवणारी, आणि अक्कल तीच.

"तुझं काम दोन मिनिटांचं आहे," सर म्हणाले. "चहाच्या वेळी मी स्वतः करून देतो. आता वर ये, कप घे, एक फोटो काढू. जरा हस. सगळ्यांना बरं वाटेल."

दोन मिनिटांचं काम. म्हणजे त्यांना उत्तर येत होतं. तेव्हाही येत होतं. तो मुलगा काउंटरला टेकून उभा होता, तेव्हाही. मला तो माणूस तिथे समोर नकोसा झाला. त्याच्या अत्तराचा वास नकोसा झाला.

आणि मला अप्पा आठवले. आमच्या मालकांनी विहिरीवर नवा पंप बसवला होता. तो बंद पडला, परत कसा चालू करायचा ते अप्पांना समजेना, म्हणून ते विचारायला त्यांच्या अंगणात गेले. मी बरोबर होते, अप्पांचा सदरा धरून. मालकांचे पाहुणे ओट्यावर बसलेले. अप्पांना पंपाच्या भागांची इंग्रजी नावं नीट म्हणता येत नव्हती. मालकांचा थोरला मुलगा पाहुण्यांना म्हणाला, "ऐका हं." आणि अप्पांना म्हणाला, "परत विचार की रे. काय बंद पडलं?" अप्पांनी परत विचारलं. ओटा हसला. परत विचार. परत विचारलं. आणि अप्पा हसत होते. हात जोडून, दात दाखवून, त्यांच्याबरोबर हसत होते. हसल्याशिवाय पंप चालू होणार नव्हता. पंप चालू झाल्याशिवाय त्या दिवसाची मजुरी नव्हती. घरी येताना पूर्ण वाटेत ते माझ्या चार पावलं पुढे चालले.

सरांना माझ्याकडून तेच हसू हवं होतं. अप्पांचं. ओटा बदलला होता, बाकी काही नाही.

"नको," मी म्हटलं.

"काय नको?"

"कप नको. आणि तुमची दोन मिनिटं पण नकोत."

त्यांचा चेहरा बदलला. साखर उतरली. "एवढा अहंकार असेल तर शिकणार कशी तू? मदत मागायला आलीस ना इथे?"

"मदत मागायलाच आले होते. हसायला नाही, आणि स्वतःचं हसं करून घ्यायला पण नाही."

हे मी मोठ्याने बोलले. पुढच्या रांगांना ऐकू गेलं. एकही माणूस उठला नाही. शेजारची मुलगी मोबाईलमध्ये बघत होती. मी पिशवी उचलली आणि रांगेतून वाट काढत दाराकडे गेले. मागे माइकवाला म्हणाला, "ठीक आहे, मग कप दुसऱ्या नंबरच्या प्रश्नाला देऊ." आणि पडद्यावर दुसऱ्या कुणाचं तरी अडलेलं काम आलं. परत हशा सुरू झाला. मी बाहेर गटाराशी जाऊन ओकले.

दिवाळीनंतर अक्कांनी दुसरी मुलगी घेतली. मी तिला दोष देत नाही, अक्कांनाही नाही. मी अजून बेलूरला आहे. अजून उभ्यानेच काम करते.

उत्तर मला नंतर सापडलं. खोलीतल्या मैत्रिणीच्या जुन्या लॅपटॉपवर, तो इंग्रजी लेख, त्यानंतरचे दहा लेख, शब्द शब्द लावत वाचताना. छापायला पाठवताना अक्षरांचा संच, म्हणजे फॉन्ट, फाइलीतच बसवून पाठवायचा. एवढंच. एका जागी खूण करायची. एका ओळीत सांगता येईल असं होतं. त्यांना माझा प्रश्न निवडायला वेळ होता. नावावर पट्टी मारायला वेळ होता. गाढव रंगवून घ्यायला वेळ होता. ती एक ओळ लिहायला नव्हता. त्यांना वेळ नसतो असं मला पुन्हा कुणी सांगू नये. मला या माणसांची किळस येते. फुकट काम करतात म्हणून त्यांच्या पाया पडावं असं मला वाटत नाही. फुकट द्यायचं आणि घेणाऱ्याची इज्जत वसूल करायची, हा धंदा आमच्या गावानेही केला आहे, दिलेल्या प्रत्येक शिळ्या भाकरीमागे.

मैत्रीण म्हणाली, सोड ते, कशाला त्या लोकांत जातीस? मी पण तसं ठरवलं होतं. मग वाटलं, मी गेले की त्यांना सोयीचंच. विचारणारे गेले, हसणारे राहिले. तेच तर त्यांना हवं आहे.

म्हणून मी मंचावर परत नाव नोंदवलं. पूर्ण नाव. आडनावासकट. गावासकट. आता कुणी नवीन माणूस काही विचारतो तेव्हा पहिली मी लिहिते. येत असेल तर सांगते. येत नसेल तर लिहिते, 'मला येत नाही, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.' खाली कुणी गाढव चिकटवलं, की त्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर विचारते, तुम्हाला उत्तर येतं का? येत असेल तर लिहा. येत नसेल तर ते चित्र काढून टाका.

परवा प्रमुख सरांचा खासगी निरोप आला. मी मंचाचं वातावरण बिघडवते आहे. असंच चाललं तर मला काढावं लागेल.

मी तो निरोप जसाच्या तसा मंचावर लावला. त्यांच्या नावावर पट्टी न मारता. खाली लिहिलं: काढा. मी दुसऱ्या दिवशी याच नावाने परत येईन. परत काढा, परत येईन. जोपर्यंत इथे एकाही विचारणाऱ्यावर कुणी हसतं आहे, तोपर्यंत मी इथून जाणार नाही.