वितळलेले नमुने

पोलीस खात्यात असताना खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी निवृत्तीनंतर मनातून जात नाही ती केस शेळ्यांच्या लेंड्यांची.

मिशिगनमधल्या एका विद्यापीठाच्या गावात मी डिटेक्टिव्ह होतो. आईवडील नागपूरचे, त्यामुळे घरात मराठी. एका सोमवारी प्रयोगशाळेतून तक्रार आली. तक्रारदार पुण्याची एक तरुण संशोधक. केनिया आणि इथिओपियात शेळ्यांच्या खतातून नायट्रोजन किती वाया जातो, याची ती तुलना करत होती. तिथल्या कित्येक शेतकऱ्यांकडे दुसरं खतच नसतं. लेंड्या उघड्यावर पडून राहिल्या की नायट्रोजन हवेत उडून जातो आणि शेतात पडतो तो कस गेलेला चोथा. खत साठवायची कुठली रीत बरी, हे तिला शोधायचं होतं.

नमुने गोठवून ठेवले होते, एकेका देशाचे एकेका फ्रीझरमध्ये. शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुणीतरी केनियाच्या फ्रीझरचा प्लग काढला होता. सगळं वितळून सडलं होतं. एकच फ्रीझर बंद होता, ही गोष्ट बाहेर, अगदी घरीही, सांगायची नाही, असं मी प्रयोगशाळेत बजावलं.

पहिला संशय तिच्या हाताखालच्या केनियाच्या विद्यार्थ्यावर. शोधनिबंधात कुणाचं नाव आधी, यावरून दोघांचं वाजलं होतं. जबाबासाठी बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "सर, त्यात माझ्या आईच्या शेळ्यांचे नमुने होते. नंतर दुष्काळ पडला. गावातल्या शेळ्या मेल्या. आता नमुने घ्यायचे कुणाचे?"

खोटं बोलणारा माणूस सहसा स्वतःबद्दल बोलतो. हा पुन्हा पुन्हा शेळ्यांकडे वळत होता. मी त्याला जाऊ दिलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा फोन आला. शनिवारी दुपारी संशोधकाचा नवरा त्यांच्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभा होता. बायकोचा चार्जर आत राहिलाय म्हणाला. ओळखीचा माणूस, म्हणून तिने दार उघडून दिलं होतं.

नवरा आयटीतला. त्याला टेक्सासमध्ये, प्लेनोला नोकरी लागली होती आणि बायको इथून हलत नव्हती. मी त्याला गप्प राहण्याचा, वकील मागण्याचा हक्क वाचून दाखवला, कॅमेरा चालू केला. चार्जरसाठी गेलो होतो, बाकी काही माहीत नाही, असं तो इंग्रजीत सांगत राहिला. शेवटी मी मराठीत विचारलं, "जेवलास का?"

तो थोडा सैल झाला. "काका, शेवटी शेळीच्या लेंड्याच होत्या ना त्या?"

"तिची एवढी मेहनत गेली."

"सगळी कुठे गेली? इथिओपिया आहे ना अजून."

एकच फ्रीझर बंद होता, हे आम्ही बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण काय बोलून गेलो, ते त्याचं त्यालाच कळलं.

"तुलनाच होणार नसेल तर प्रोजेक्ट कॅन्सल होईल आणि ती माझ्याबरोबर येईल, असं वाटलं," तो हळू आवाजात म्हणाला. "एक फ्रीझर तिच्यासाठी ठेवला. तिच्या हाती काहीतरी राहावं म्हणून." मग टेबलावर डोकं टेकून तो रडला.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "तो रोज विचारायचा, कधी संपणार. मी नुसतं 'लवकर' म्हणायचे. खरंच संपत आलं होतं, काका."

नमुने विद्यापीठाचे होते, खटला मागे घेणं तिच्या हातात नव्हतं. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, नोकरी गेली आणि तो भारतात परतला. ती त्याच्याबरोबर गेली नाही.

केस बंद झाली त्या दिवशी केनियाचा विद्यार्थी पोलीस स्टेशनवर आला होता. नमुने गेल्याचं आईला कळवायचं राहिलं होतं. एकट्याने सांगवत नाही, इथे बसून फोन करू का, असं त्याने विचारलं. मी खुर्ची दिली. त्यांची भाषा मला येत नाही. तो थोडंच बोलला. बोलून झाल्यावर त्याने खुर्ची उचलून होती तिथे परत ठेवली.

द्वेषाने गुन्हा करणारा काही शिल्लक ठेवत नाही. आपल्याच माणसाचं वाटोळं करणारा मात्र थोडं मागे ठेवतो आणि त्यालाच माया समजतो. या केसनंतर मी चौकशीला गेलो की आधी मोडलेली वस्तू पाहत नसे. न मोडलेली कुठली, ते पाहत असे. गुन्हेगार बहुतेक वेळा सापडायचा. घरातलाच निघायचा.