मोहाखालचा जाळ

चूक बापूरावाच्या दारात आली तरी पत्ता विचारून शेजारच्या घरी जायची. बैल लंगडला तर नाल ठोकणारा आंधळा, वरण शिजलं नाही तर लाकडं ओली, रोवणीला उशीर झाला तर पंचांगच खोटं. चामोर्शीच्या वरच्या अंगाला, जंगलाला टेकून असलेल्या त्या गावात हे सगळ्यांना पाठ होतं. धाकटी बहीण शकुबाई गावातच दिलेली. ती तोंडावर म्हणायची, "दादा, तू जलमलास तवा तू नसशील रडला. सुईणच रडली असन!" दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बापूराव आठवडाभर बोलला नसता. शकुचं त्याला चालायचं. मायबाप गेल्यावर तिला त्यानंच तर खांद्यावर वाढवली होती.

शकुचा नवरा वारलू गावाची गुरं राखायचा. गडी कमी बोलणारा, बापूरावाचे सगळे बहाणे मान हलवत ऐकून घेणारा. असा मेहुणा मिळायला नशीब लागतं.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा लागला, मोहफुलं गळायला लागली. फुलं पहाटे पडतात आणि वाळलेल्या पाल्यात हरवतात, म्हणून जो तो आपल्या झाडाखालचा पाला आधी पेटवून देतो. जमीन काळी झाली की पिवळं फूल लांबून दिसतं. फक्त जाळ विझेस्तोवर फांदी घेऊन तिथंच उभं राहायचं, एवढा रिवाज. बापूरावानं पाला पेटवला, थोडा वेळ उभा राहिला, मग त्याला भूक लागली. विझते आपोआप, असं म्हणून तो घरी आला आणि भाकर खाऊन आडवा झाला.

दुपारी वारा फिरला. जाग आली तेव्हा अख्खी टेकडी धुमसत होती. वारलूनं गुरं नाल्याकडं हाकलली, ती सुखरूप गावात आली. एक वासरू मागं राहिलं म्हणून तो परत फिरला, तो वाळल्या बांबूंच्या रांजीत, दाट बेटात, मेलेलाच सापडला. वासरू त्याच्या पोटाखाली होतं.

लोक जमले. कुणीतरी विचारलं, आग लागली कशी? आणि बापूरावाच्या तोंडानं सवयीनं उत्तर दिलं, "बिडी असन वारलूची. घरी नाई, पण जंगलात ओढायचा तो." बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. पण शब्द तोवर गावभर गेला होता.

त्या साली कुणाच्याच टोपलीत मोहा आला नाही. विहिरीवर बाया शकुला बघून दोर आवरायला लागल्या. "हिच्या मानसानं समद्यायचा मोहा जाळला," असं तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या. शेवटी ती भावाकडं आली. चुलीजवळ बसली, तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दादा, ते तंबाखू खात होते. बिडी कधी धरली नाई हातात. तुले ठावूक हाय ना?"

"हाय."

"मंग गावाच्या बैठकीत तू सांग. माह्यं कोनी ऐकून नाई राह्यलं. तुह्यं ऐकतीन."

बैठक मारोतीच्या पारावर बसली. बापूराव उठला. वारलू बिडी ओढत नव्हता, एवढं बोलून खाली बसलं असतं तरी भागलं असतं. शकुचं काम झालं असतं आणि बहीण राहिली असती. तो तसं ठरवूनच आला होता. पण समोर ती बसलेली. आता माझा भाऊ बोलणार, अशी आजूबाजूच्या बायांकडं बघत होती.

"जाळ माह्या झाडाखालचा," बापूराव म्हणाला. "मी पेटवला अन् जेवाले गेलो. बिडीचं मी खोटं बोललो. वारलूले मीच मारलं, अन् मेल्यावर नाव बी मीच बुडवलं त्याचं."

म्हातारा डोमा पुटपुटला, "काऊन रे बापूराव, काऊन?" शकु उठली. पदर नीट केला आणि घरी गेली.

विहिरीवरच्या बाया आता तिला आपणहून पाणी ओढून द्यायला लागल्या. बापूरावाच्या दारात मात्र ती पुन्हा आली नाही.

पुढच्या साली बापूरावानं झाडाखाली जाळ केला नाही, खराटा घेऊन पाला झाडला. लोक हसले. "बापूरावभाऊ, सडा बी टाका ना! रांगोळी आमची बाई काढून देईन!" तो झाडत राहिला. मग डोमानं झाडलं, मग आणखी दोघातिघांनी. दोन साल गेली तसा गावात मोहाखाली जाळ करणं बंदच झालं. लोक भांडणं घेऊन बापूरावाकडं यायला लागले, शेजारच्या गावचेही. जो माणूस सगळ्यांदेखत चूक स्वतःवर घेतो तो आपल्यावर उगाच ढकलणार नाही, असा त्यांचा हिशेब. "भाऊ, तुम्हीच सांगा," म्हणायचे. तो सांगायचा. मग रिकाम्या घरात येऊन बसायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात पलीकडच्या रानातून वणवा आला. बापूरावानं हाळी दिली आणि सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन त्याच्या मागं धावलं. शकुही आली. दुपारभर ती त्याच्यापासून दोन हातांवर जाळ झोडपत होती. मधे ठिणगी तिच्या लुगड्यावर पडली, ती त्यानं हातानं चुरडली. तिनं पदर ओढून घेतला आणि झोडपत राहिली.

वणवा नाल्यावर अडला. बायांनी पाणी आणलं. शकुनं एक गडवा घेतला आणि ओळीनं देत आली. डोमाच्या हातात दिला, पुढच्याच्या हातात दिला, परत भरून घेतला. बापूरावानं काळे झालेले दोन्ही हात पुढं केले.

तिनं गडवा जमिनीवर ठेवला आणि पुढच्या माणसासाठी दुसरा भरायला गेली.

बापूराव खाली वाकला. गडवा उचलून सगळं पाणी प्याला, आणि कुठं काही धुमसत राहिलं आहे का ते बघायला माणसं घेऊन परत रानात शिरला.